‘डाय हार्ड’मधली शस्त्रं कशी ओळखायची: हातात वही, बोट पॉजवर

सिनेमा नुकताच सुरू झालेला असतो. विमान लॉस एंजलिसला उतरलेलं आहे, जॉन मॅक्लेन वरच्या कप्प्यातलं सामान काढायला हात उंचावतो आणि जाकिटाखालचं पिस्तूल शेजारच्या प्रवाशाला दिसतं. प्रवाशाचा चेहरा पडतो. मॅक्लेन त्याला समजावतो की मी पोलीस आहे, अकरा वर्षं हेच काम करतोय. बहुतेक लोक इथे हसून पुढे जातात. मी इथेच पॉज करायला शिकलो, आणि हा सगळा लेख त्या एका पॉजमधून निघालेला आहे.

जुलै १९८८ मध्ये आलेला जॉन मॅकटिअर्नन यांचा ‘डाय हार्ड’ शस्त्रं ओळखायला शिकण्यासाठी मला सर्वांत चांगला सिनेमा वाटतो. जागा एकच, म्हणजे एक उंच इमारत, जिथे एक टोळी लोकांना ओलीस धरते. माणसं मोजकी. प्रत्येकाच्या हातातलं शस्त्र ठरलेलं, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की कथा पुढे सरकते. शिवाय तो काळ संगणकावर जाळ रंगवण्याच्या आधीचा आहे. पडद्यावर जे उडतं, त्यातलं बरंचसं खरोखर उडवलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. पडद्यावर दिसणाऱ्या एका बंदुकीत तीन बंदुका असतात. कथेतली बंदूक, सेटवर आणलेली बंदूक, आणि त्या विशिष्ट शॉटमध्ये नटाच्या हातात दिलेली वस्तू. कथेत ती जर्मन सबमशीनगन असते, सेटवर तिचीच नागरी बहीण असते, आणि नट जिन्यावरून घरंगळतो तेव्हा हातात रबराचा साचा असू शकतो. ओळखणं म्हणजे या तिघींना वेगळं करणं.

तयारी

चांगली प्रत घ्या. मोबाइलवरच्या अंधुक प्रतीत नळी आणि सावली वेगळी कळत नाही. ब्लू-रे किंवा अधिकृत स्ट्रीमिंगवरची पूर्ण दर्जाची प्रत, मोठा पडदा आणि खोलीत अंधार असला की पुरे. पहिल्यांदा सिनेमा न थांबवता सलग बघा. ओळखायच्या नादात गोष्ट हरवली तर शस्त्राचा अर्थही हरवतो.

दुसऱ्यांदा वही घेऊन बसा. मी रेघा असलेली साधी शंभरपानी वही वापरतो. पानावर पाच रकाने आखायचे: वेळ (तास-मिनिट-सेकंद), कोणाच्या हातात, कोणत्या हातात, कथेत काय, पुरावा काय. शेवटचा रकाना सर्वांत रुंद ठेवा. ‘बेरेटा’ एवढंच लिहिलेली नोंद म्हणजे अंदाज. ‘बेरेटा, कारण स्लाइडचा वरचा भाग कापलेला आहे आणि नळी उघडी दिसते’ ही खरी नोंद. मी स्वतःसाठी नियम केला आहे की दोन वेगळे पुरावे मिळाल्याशिवाय पेनाने लिहायचं नाही, तोवर पेन्सिल.

आधी जात, मग नाव

आपल्याकडे बोलताना सगळंच ‘बंदूक’ असतं आणि बातम्यांत पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, गावठी कट्टा यांची सरमिसळ होते. ओळखायला बसलं की ही सैल भाषा सोडावी लागते. मूठ आणि नळीच्या मध्ये फिरणारं, फुगीर चक्र दिसलं तर ते रिव्हॉल्व्हर. चक्र नाही, वर सपाट सरकती स्लाइड आहे आणि काडतुसं मुठीत खालून जातात, तर ते पिस्तूल. पिस्तुलाचंच काडतूस वापरून सलग गोळ्या झाडणारं, साधारणपणे दोन हातांनी धरायचं शस्त्र म्हणजे सबमशीनगन. त्याहून ताकदीचं, लांब काडतूस वापरणारं म्हणजे रायफल.

घोडा आणि चाप यांतही गोंधळ नको. बोटाने ओढतो तो चाप. मागे दिसतो आणि काडतुसावर आघात घडवतो तो घोडा. मॅक्लेनच्या पिस्तुलाला मागे घोडा दिसतो. खलनायक हान्स ग्रुबरच्या पिस्तुलाला तो दिसत नाही. एवढ्या एका फरकावर दोघांची पिस्तुलं लांबूनही वेगळी करता येतात.

कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ ची रायफल हाताळली होती. पालथं झोपून, दस्ता खांद्याला घट्ट लावून, श्वास रोखून पाच गोळ्या. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, मागे ओढल्यावर रिकामी पुंगळी बाहेर पडून चटईवर गडगडते, तो बारीक आवाज अजून कानात आहे. शस्त्राला वजन असतं आणि प्रत्येक गोळीमागे काहीतरी धातूचं हलतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पडद्यावरची खोटी बंदूक लवकर कळते. तुम्ही ते कधी अनुभवलं नसेल तरी चालेल, फक्त काय हलतंय ते बघायची सवय लावा.

मॅक्लेनचं पिस्तूल

हे बेरेटा ९२एफ. इटलीतल्या बेरेटा घराण्याचं, ९ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डब्यात) १५ गोळ्या. ओळखायची खूण वर सांगितलीच: इतर बहुतेक पिस्तुलांत नळी स्लाइडच्या आत झाकलेली असते, बेरेटाची स्लाइड वरून मोकळी असल्यामुळे नळीचा लांब तुकडा उघडा दिसतो. दुसरी खूण म्हणजे सेफ्टीची कळ. ती खालच्या सांगाड्यावर नसून स्लाइडवर, मागच्या बाजूला असते. हे दोन पुरावे मिळाले की पेनाने लिहा.

आता हाताचा रकाना भरा. मॅक्लेन डाव्या हाताने गोळी झाडतो, कारण ती भूमिका करणारे ब्रूस विलिस डावखुरे. उजव्या हाताच्या माणसासाठी बनलेल्या पिस्तुलाच्या कळा डावखुऱ्याच्या अंगठ्याला सापडत नाहीत, म्हणून या सिनेमासाठी स्लाइड थांबवणारी कळ लांबवलेली आहे. जवळच्या शॉटमध्ये थांबवून बघा, दुकानातल्या बेरेटापेक्षा ती कळ पुढे आलेली दिसते. ती एकदा दिसली की ‘या मॉडेलचं एखादं पिस्तूल’ असं लिहायची गरज उरत नाही. ते या सिनेमाचं पिस्तूल असतं.

इथे इतिहासाची एक चाचणी लावा. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये हे पिस्तूल एम९ म्हणून स्वीकारलं आणि लॉस एंजलिसच्या पोलिसांनी १९८६ मध्ये. पण मॅक्लेन न्यूयॉर्कचा पोलीस आहे, आणि न्यूयॉर्क पोलिसांनी ९ मिलिमीटरची पिस्तुलं सरसकट द्यायला १९९३ मध्ये सुरुवात केली. १९८८ चा न्यूयॉर्कचा साधा पोलीस .३८ चं रिव्हॉल्व्हर बाळगायचा. म्हणजे विमानातल्या त्या पहिल्याच शॉटमध्ये नियमाशी न जुळणारं शस्त्र आहे. काहीजण याला चूक म्हणतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर हा सिनेमा वीस मिनिटंही चालला नसता.

हान्सच्या हातातलं

हान्सचं पिस्तूल रुपेरी आहे. जर्मन हेकलर अँड कॉखचं पी७एम१३, १३ गोळ्यांचं. खूण मुठीत आहे: मुठीच्या पुढच्या बाजूला, बोटं येतात तिथे एक लांब पट्टी असते. ती दाबून धरली की पिस्तूल झाडायला सज्ज होतं, सोडली की पुन्हा निष्क्रिय. ही रचना पश्चिम जर्मन पोलिसांना हवी होती: खिशातून काढल्याबरोबर वापरता यावं, आणि हातातून सुटलं तर आपोआप सुरक्षित व्हावं. महागडं, नेमकं, दिसायला देखणं. हान्सच्या सुटाशी जुळणारं. शस्त्र निवडणाऱ्याने पात्र वाचलं होतं हे इथे कळतं, म्हणून वहीत मी एक सहावा रकाना नंतर वाढवला: ‘का?’

एमपी५, आणि ती एमपी५ का नव्हे

ही पायरी सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत आनंदाची. मॅक्लेन पहिल्या अतिरेक्याला मारतो, त्याची सबमशीनगन घेतो आणि प्रेताच्या स्वेटशर्टवर आता आपल्याकडे मशीनगन असल्याचा निरोप लिहून लिफ्टने खाली पाठवतो. कथेत ती एमपी५ आहे. तीही हेकलर अँड कॉखचीच, १९६०च्या दशकातली. १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीवर ब्रिटिश कमांडोंनी केलेल्या कारवाईच्या छायाचित्रांमुळे ती जगभर ओळखीची झाली होती.

वर्षानुवर्षं मीही वहीत ‘एमपी५’ असंच लिहिलं होतं, पेनाने. मग एका रात्री मॅगझिन आणि चापाचा गज यांच्या मधल्या जागेवर फ्रेम थांबवली. खऱ्या एमपी५ला तिथे एक छोटी चपटी पट्टी असते, अंगठ्याने पुढे ढकलून मॅगझिन सोडायची. इथे ती नव्हती. दुसरी जागा नळीचं तोंड. खऱ्या एमपी५च्या नळीच्या टोकाला, सायलेन्सर वगैरे अडकवता यावं म्हणून, तीन बारीक धातूचे कान असतात. तेही नव्हते.

दोन्ही खुणांचा अर्थ एकच. ही एचके९४ आहे. त्याच कंपनीने अमेरिकेच्या नागरी बाजारासाठी काढलेली, चाप एकदा ओढला की एकच गोळी झाडणारी, सोळा इंचांहून किंचित जास्त लांब नळीची आवृत्ती. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परदेशी मशीनगनची खासगी मालकीसाठी आयात बंद झाली होती. त्यामुळे सिनेमांना शस्त्रं भाड्याने देणाऱ्यांकडे एचके९४ असायच्या, परवानाधारक कारागिरांकडून नळी आखूड करून आणि सलग झाडता येतील अशा करून घेतलेल्या. १९८०च्या दशकातल्या कितीतरी अमेरिकी सिनेमांतल्या ‘एमपी५’ याच आहेत. एकदा ही रिकामी जागा डोळ्यांत बसली की ती प्रत्येक जुन्या सिनेमात दिसायला लागते.

माझी नोंद आता अशी आहे: ‘कथेत एमपी५. सेटवर एचके९४. पुरावा १: मॅगझिनमागची पट्टी नाही. पुरावा २: नळीच्या टोकाला कान नाहीत.’ जुनी नोंद खोडली नाही, शेजारी तारीख टाकून नवी लिहिली. आपण आधी काय चुकलो होतो हे वहीत राहिलेलं बरं.

कार्लची रायफल

कार्ल म्हणजे हान्सच्या टोळीतला माणूस. त्याची रायफल ओळखायला सोपी. मॅगझिन मुठीच्या मागे, जवळजवळ काखेत. वर हँडलसारखी दुर्बीण. सगळा आकार प्लॅस्टिकचा, अखंड. ऑस्ट्रियाची स्टायर एयूजी, त्यांच्या सैन्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून. मॅगझिन अर्धपारदर्शक असतं, त्यामुळे आत काडतुसं आहेत की नाहीत हे उजेडाच्या शॉटमध्ये शोधता येतं.

हीच युक्ती आपल्याकडच्या सिनेमांना लावा. भारतीय सैन्यासाठी बनलेल्या इन्सास रायफलचं मॅगझिनही अर्धपारदर्शक आहे. हिंदी-मराठी सिनेमात जवानाच्या हातात इन्सास दिसली की आधी मॅगझिनकडे बघा. तिथे काळा रंग फासलेला किंवा ठोकळा दिसला, तर हातात डमी आहे.

गोळ्या मोजा

मोजल्याशिवाय पाहणी पुरी होत नाही. प्रत्येक शस्त्राच्या नावापुढे त्याची क्षमता लिहा, आणि गोळी सुटली की उभी रेघ मारा, किराणावाल्याच्या खात्यात मारतात तशी. पाचवी रेघ आडवी. एकाच गोळीचा शॉट दोन कोनांतून दाखवला असेल तर एकच धरा. कॅमेऱ्याबाहेर आवाज आला तर वेगळ्या खुणेने नोंदवा.

‘डाय हार्ड’मध्ये मोजणं जास्त रंगतं, कारण सिनेमा स्वतःच मोजत असतो. हान्स ओलीस असल्याचं सोंग करून मॅक्लेनसमोर येतो. मॅक्लेन त्याच्या हातात पिस्तूल देतो. हान्स ते त्याच्यावरच रोखतो, चाप ओढतो, आणि फक्त टक् होतं. आत काडतूसच नाही. हा प्रसंग वजनाचा आहे. भरलेलं आणि रिकामं मॅगझिन यांत हाताला फरक लागतो, पण घाईत, अनोळखी पिस्तुलात हान्सला तो कळत नाही. त्याच्या बोटांना सवय वेगळ्या मुठीची आहे.

आणि शेवटी तेच पिस्तूल नाताळच्या भेटी बांधायच्या चिकटपट्टीने मॅक्लेनच्या पाठीला चिकटवलेलं असतं. आपल्या पेपरांतल्या भाषेत सांगायचं तर, दोन जिवंत काडतुसांसह. समोर माणसंही दोन. इतक्या गोळीबारानंतर दिग्दर्शक हिशेब नेमक्या दोनवर आणतो. तुमच्या उभ्या रेघा वाटेत कुठे कुठे जुळणार नाहीत, ते लिहून ठेवा, पण त्यावरून सिनेमा निकालात काढू नका.

जाळ, आवाज, पुंगळी

आता तिसरी बंदूक, म्हणजे त्या शॉटमध्ये हातात खरंच काय होतं. तीन गोष्टी बघा. स्लाइड किंवा बोल्ट मागेपुढे होतोय का? पुंगळी बाहेर उडतेय का? नळीच्या तोंडाशी जाळ दिसतोय का? पहिल्या दोन्ही दिसल्या तर शस्त्र ब्लँक झाडतंय. एकही नसेल तर बहुधा डमी.

ब्लँक म्हणजे दारू आहे पण गोळी नाही असं काडतूस. गोळीच नसल्यामुळे नळीत पुरेसा दाब साठत नाही आणि स्वयंचलित शस्त्र पुढचं काडतूस भरत नाही. म्हणून सिनेमाच्या बंदुकीची नळी आतून अरुंद करतात. नळीचं तोंड समोरून, जवळून दिसणारा शॉट मिळाला तर भोक फार बारीक आहे का ते तपासा.

जाळ मात्र फसवतो. फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमच्या निम्म्या वेळात शटर बंद. जाळ काही सहस्रांश सेकंदच टिकतो, तो बंद शटरच्या वेळी उमटला तर फिल्मवर येतच नाही. म्हणून सिनेमासाठी जास्त भडकणारे ब्लँक वापरले जात. त्याची किंमतही होती. टेबलाखालून वर गोळ्या झाडायच्या प्रसंगात ब्रूस विलिस यांच्या डाव्या कानाची ऐकण्याची क्षमता दोन तृतीयांश गेली, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं आहे. वहीत हा प्रसंग मी लाल पेनाने लिहिला आहे.

सायलेन्सरबद्दल: लॉबीतल्या रक्षकावर सायलेन्सर लावून गोळी झाडतात तेव्हा जेमतेम ‘फट्’ ऐकू येतं. खऱ्या गोळीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. उरलेला आवाजही शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवायला पुरेसा आहे.

हे वाचून कुणी स्वतःची शॉर्ट फिल्म करायला निघाला असेल तर त्याच्याशी कळकळीने बोलायचं आहे. सेटवर खरं शस्त्र आणू नका, कुणा ओळखीच्याचं परवान्याचं असलं तरी, रिकामं असलं तरी. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या नटाने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं. गोळी नव्हती, नुसत्या दाबाने जीव गेला. ३१ मार्च १९९३ ला ‘द क्रो’च्या सेटवर नट ब्रँडन ली गेले: आधीच्या शॉटमधल्या डमी काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती, ब्लँकने ती बाहेर ढकलली. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या, कारण जिवंत काडतूस सेटवर पोचलंच कसं हे कुणी वेळेत तपासलं नाही. लाकडाची किंवा रबराची डमी वापरा, जाळ नंतर संगणकावर घाला, आणि रस्त्यावर शूटिंग असेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. लांबून बघणाऱ्याला तुमची डमी डमी वाटणार नाही.

संवाद हा पुरावा नाही

पात्र शस्त्राबद्दल जे बोलतं, ते वेगळ्या पानावर लिहा. १९९० च्या दुसऱ्या भागात मॅक्लेन ‘ग्लॉक ७’बद्दल ठासून सांगतो: चिनी मातीचं, जर्मनीत बनलेलं, विमानतळाच्या एक्स-रेत न दिसणारं. ग्लॉक ही ऑस्ट्रियन कंपनी आहे, ‘ग्लॉक ७’ नावाचं मॉडेल नाही, आणि ग्लॉकचा सांगाडा प्लॅस्टिकचा असला तरी स्लाइड आणि नळी पोलादी असल्यामुळे ते एक्स-रेत स्पष्ट दिसतं. एका दमात चार चुका, आणि लोक अजून ते खरं धरतात.

शेवटची नोंद

दोन-तीन बैठकांत वही भरत येते. एक पान मुद्दाम शेवटासाठी ठेवा, सार्जंट अल पॉवेलसाठी. तो लॉस एंजलिसचा पोलीस. त्याच्या खात्याने दोन वर्षांपूर्वीच बेरेटा घेतलेलं आहे, पण याच्याकडे अजून रिव्हॉल्व्हर. पूर्वी चुकून एका लहान मुलावर गोळी झाडली गेल्यापासून त्याने कुणावर शस्त्र उचललेलं नाही, हे तो मॅक्लेनला वॉकीटॉकीवर सांगतो. सगळं संपलं असं वाटत असताना कार्ल पुन्हा उठतो, गोळ्यांचा आवाज येतो, आणि कॅमेऱ्यासमोर आधी येतं ते रिव्हॉल्व्हरच्या नळीचं तोंड, मग त्यामागे हळूहळू स्पष्ट होणारा पॉवेलचा चेहरा.

तिथे थांबवा. चक्र बघा, हात बघा, गोळ्या मोजा. आणि ‘का?’च्या रकान्यात घाई न करता लिहा.